निळ्यातला पांढरा हात

कोरं मांजरपाट दुकानातून येतं तेव्हा पुठ्ठ्यासारखं कडक असतं. त्याच्या अंगात खळ असते. बोटं फिरवली तर सगळीकडे सारखंच कडक लागतं.

•

रोह्याच्या बाजूला पोह्यांच्या गिरण्या पुष्कळ. त्यातल्याच एका गिरणीच्या पट्ट्यात रंभाचं एक बोट गेलं. तेव्हापासून ती उजवा हात पदराखाली ठेवते.

•

शर्टावर मेणबत्ती ठिबकली तर शर्ट टाकून देऊ नये. डागाखाली वर्तमानपत्र, डागावर वर्तमानपत्र, वरून गरम इस्त्री. मेण कागदात जातं, शर्ट तुमच्याकडे राहतो.

•

मोहघर. एक्केचाळीस घरं, एक विहीर. खांबहून रोह्याकडे येणारी एसटी इथे हात दाखवला तरच थांबते.

•

"भांडं तुमचं! पानी तुमच्या विहिरीचं! रंग तुमचा, बुडवनारा हात तुमचा! बुवा हुबा दहा पावलं लांब. मंग सांगा बरं मायबापहो, यात बुवानं काय केलान?"

•

तीन घरांत तीन पोरं आजारी. जुलाब, उलट्या, ताप.

•

रंग देण्याआधी कापड उकळायचं, खळ सगळी काढायची. खळ राहिली तर रंग रुसतो. गोधडीच्या कामातला हा पहिला नियम. शकूला तो रंभाने शिकवला.

•

आता हे सगळं एका अंगणात आणू.

अंगण शकूचं. साल एकोणीसशे शहाऐंशी, मार्गशीर्षातला गुरुवार, सकाळचे अकरा. शेतात वाल गुडघ्याएवढा झालेला, पण शेतात माणूस नाही. सगळं गाव शकूच्या कुडाला टेकून उभं. पुढची बसलेली, मागची उभी, त्यामागची पेंढ्याच्या उडवीवर चढलेली. मधोमध शकूचा ॲल्युमिनियमचा टोप. टोपात निळा रंग. टोपासमोर शकू, आणि दहा पावलं लांब, पारिजातकाखाली, केरूबुवा.

बुवा कोलाडकडून आला होता. डोक्याला हिरवं फडकं, गळ्यात कवड्या, खांद्याला झोळी, काखेत गाठोडं. गाठोड्यात पांढऱ्या मांजरपाटाच्या घड्या, प्रत्येक घडी दोन रुमालांएवढी. "देवीच्या पायाशी सव्वा महिना ठेवलेलं कापड," तो म्हणाला होता. "ज्या घरात पोर आजारी, त्या घरच्या बाईनं रंगात बुडवायचं. ज्यानं करनी केली त्याची खूण देवी रंगात दाखवील."

आणि मग नियम. बुवाच्या नियमांना तोटा नव्हता.

"कापड धुवायचं नाय! देवीचा हात लागलाय, तो धुवून टाकाल काय? घडी पान्याबाहेर मोडायची नाय! आनि आग दाखवायची नाय. चूल नाय, ऊन पानी नाय. आगीनं देवी भाजते."

"आमचा रंग थंडच हाय," शकू म्हणाली होती.

"म्हनून तर देवी तुझ्याकडं आली, बाय."

हे मात्र खरं होतं, फक्त बुवाने सांगितलेल्या अर्थाने नव्हे. पूर्वी मोहघरच्या बाया पुडीचा रंग उकळत्या पाण्यात टाकायच्या. दोन वर्षांपूर्वी रंभाने रोह्याच्या बाजारातून थंड रंग आणला. साध्या पाण्यात रंग विरघळवायचा, मीठ टाकायचं, कापड घोळवायचं, मग धुण्याचा सोडा घालून तासभर ठेवायचं. लाकडं वाचली, डोळे वाचले. जुनी धोतरं, फाटके लेंगे, पिठाच्या पिशव्या, सगळं निळं, लाल, पिवळं व्हायचं आणि सात बाया मिळून त्याच्या गोधड्या शिवायच्या. शाळेतल्या सुनीतीबाई त्या पेणला, आपल्या ओळखीच्या घरांत, पोचवायच्या.

तर शकूने घडी रंगात सोडली. पाण्यात उघडली. हाताच्या सवयीने चोळली. मीठ, मग सोडा. तासभर बुवा डोलत, घुमत, देवीची नावं घेत राहिला. त्याचा आवाज मधेच बारीक व्हायचा, मधेच बोकडासारखा फुटायचा. उडवीवरची पोरं हसली तर त्यांच्या आयांनी त्यांना चापटी दिली.

घरात खाटेवर शकूचा बाळू निजला होता. अडीच वर्षांचा.

"काढ!" बुवा ओरडला.

शकूने कापड काढलं, दुसऱ्या टोपातल्या स्वच्छ पाण्यात खळबळवलं, दोन टोकं धरून वर उचललं.

निळ्या कापडाच्या मधोमध पांढरा हात होता.

पंजा, अंगठा, बोटं. आणि पंज्यावर बारीक निळ्या रेघा, आडव्यातिडव्या, जिवंत माणसाच्या तळहातावर असतात तशा.

मागून कुणीतरी मोजायला लागलं. "एक, दोन, तीन... आनि अंगठा. चार!"

"बोट कमी हाय!"

"चार बोटांचा हात!"

त्या गावात चार बोटांचा हात एकच होता. सगळ्यांच्या जिभेवर नाव आलं होतं, पण पहिल्यांदा उच्चारलं कुणी, तर शकूनेच. ओरडली नाही ती. तिच्या तोंडून निघून गेलं.

"रंभावैनी..."

बुवा पुढे झाला. चिमट्याने कापड उचलून त्याने झोळीत टाकलं. "हात लावू नका! ज्याचा हात लागंल त्याचा हात जळंल."

•

विहिरीवर, दुसऱ्या दिवशी.

"मला कवापासूनच वाटत व्हतं गो."

"काय वाटत व्हतं?"

"हेच. नवरा गेला तरी ती रडली नाय फारशी."

"तुझा नवरा गेला तर तू तरी रडशील काय?"

"हसतंस काय! तिसऱ्या घरात पन हातच उठला. तोच. तस्साच."

"बाळूला कोन घेऊन गेली रोह्याला? तीच. उचलून, छातीशी धरून. तेवाच केलंन तिनं."

"अगो, पन दवाखान्यातनं आल्यावर बाळू हातपाय हलवायला लागला."

"ते बुवा आलं म्हनून."

"बुवा बुधवारी आलं. बाळू मंगळवारी पेज प्यायला."

"तू गप गो! लय शिकलीस."

•

बाळूला रोह्याला रंभानेच नेलं होतं. जगन, शकूचा नवरा, धाटावला कंपनीत पहिल्या शिफ्टला गेलेला, शकू रडत बसलेली. रंभाने पोर उचललं आणि एसटीला हात दाखवला. डॉक्टरने मीठ-साखरेचं पाणी, औषध आणि एक सल्ला दिला: विहिरीचं पाणी उकळून प्या. रंभा आल्यावर घरोघरी हेच सांगत फिरली. बुवाकडे जाऊ नका, पाणी उकळा. बुवा तेव्हा पलीकडच्या वाडीत होता. त्याच्या कानावर गेलं.

आता दाजींनी, म्हणजे गावच्या पोलीस पाटलांनी, निकाल सांगितला होता. दाजी वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. सोमवारी दुपारी बारा वाजता देवळापुढे बुवा शेवटचं कापड काढील. त्यातही तोच हात उठला, तर रंभाने गाव सोडायचं. घराला कुलूप, विहिरीला पाय लावायचा नाही, परत तोंड दाखवायचं नाही.

"आनि नाय गेली तर?" कुणीतरी विचारलं होतं.

चार तरण्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं होतं. तेवढं पुरे होतं.

रंभाने एकच मागितलं. "माझा हात म्हनता ना? मला दाखवा ते कापड."

बुवाने झोळी छातीशी धरली. "चेटकिनीची नजर पडली तर कापड पेटंल. गाव पेटंल."

दाखवलं नाही.

•

शनिवारी सुनीतीबाई आल्या. पेणच्या जुन्या घराण्यातल्या, मोहघरच्या शाळेत नऊ वर्षं. पिशवीत हळद आणि चुन्याची डबी. देवळापुढे माणसं जमवून त्यांनी पांढऱ्या फडक्याला हळद लावली, वर चुन्याचं पाणी शिंपडलं. फडकं लालभडक झालं.

"बघा," बाई म्हणाल्या. "रक्त नाही, देवी नाही. हळद आणि चुना. असे लोक असंच काहीतरी—"

"बाई," बुवा मांडी ठोकून हसला, "ही तर आमच्या घरची पोरगी बी करते, पानाला चुना लावताना! आमचा हात लाल हाय काय? पांढरा हाय पांढरा! निळ्यात पांढरा. तो काढून दाखवा. नायतर हळद घरी न्या, आमटीत घाला!"

गाव खदखदून हसलं. बाईंचा चेहरा उतरला. दुसरी एखादी असती तर काहीतरी ठोकून दिलं असतं. सुनीतीबाईंनी हळदीचा हात पुसला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "हे कसं केलंय ते मला माहीत नाही."

"आलं ना ताळ्यावर!"

"मला माहीत नाही, एवढंच मी म्हणाले. मला माहीत नाही म्हणून ते देवीनं केलं, असं होत नाही. मला माहीत नाही म्हणजे अजून शोधायचंय."

कुणी ऐकलं नाही. जाताना शकूच्या घरापाशी त्या थांबल्या. शकू दारात डोकं खाली घालून उभी.

"शकू, रंगातलं मला काही कळत नाही. तुला कळतं. तू काय केलंस, काय पाहिलंस, नीट आठव. आणि बुवानं काय काय करू नका म्हणून सांगितलं, तेही आठव."

"बाई, माझ्या हातानंच निघालं ते. माझ्या टोपातनं."

"म्हणूनच तुला विचारतेय."

•

धुवायचं नाही. घडी बाहेर मोडायची नाही. आग दाखवायची नाही.

•

रविवारी दुपारी जगन जेवून आडवा झाला. शकू बाळूपाशी बसली होती. पोराने अंगावरची गोधडी लाथेने खाली ढकलली. शकूने ती परत वर ओढली. ओढताना हात थांबला.

ही गोधडी तिने लग्नानंतर शिवलेली पहिली. जगनच्या बापाचं धोतर, तिच्या आईचं लुगडं, आणि कोपऱ्याजवळ जगनच्या कंपनीच्या जुन्या पांढऱ्या शर्टाचा तुकडा, निळा रंगवलेला. त्या निळ्या तुकड्यावर पांढरा ठिपका होता, चिंचोक्याएवढा. ठिपक्यात बारीक निळ्या रेघा. आडव्यातिडव्या.

दोन वर्षं तो ठिपका तिथे होता. दोन वर्षं बाळू त्याच्याखाली झोपत होता.

तिला रंभाचं बोलणं आठवलं, त्याच तुकड्यावरून केलेलं. "अगो, शर्टावर मेन सांडलेलं बघितलं नायस काय? मेनाला रंग धरत नाय. चोळताना मेन तडकलं, तेवढ्या चिरांत रंग शिरला. बघ कसा दिसतोय, कोळ्याच्या जाळ्यागत. पुढल्या टायमाला आधी इस्त्री फिरव, कागद ठेवून."

मेण सांडलेला शर्ट घाईत तसाच रंगात टाकायचा, ही रंगवणारीच करू शकते अशी चूक. नवी असताना शकूने ती केली होती.

तिला राग आला. हाताच्या रेषा! गावाने ज्या रेषा बघून हात जोडले, त्या मेणाच्या चिरा होत्या. धुवायचं नाही, कारण खळ गेली की कापड मऊ पडेल आणि मेणाचा कडकपणा बोटाला लागेल. घडी बाहेर मोडायची नाही, कारण उन्हात मेण चमकेल. आग नाही, कारण आगीने देवी नव्हे, मेण वितळतं. आणि चिमट्याने उचलायचं, कारण पाण्याबाहेर बोटं लावली तर गुळगुळीत लागेल.

"अवो," तिने जगनला हलवलं. "उठा. बुवाचा हात मेनाचा हाय."

जगनने सगळं ऐकलं. उठून बसला. विडी पेटवली, विझवली.

"खरं असंल तुजं," तो म्हणाला. "पन आपल्याला ह्याच गावात राहायचंय शके. मी दिवसभर धाटावला. तू हितं एकटी. उद्या तुज्या नावाचा हात काढला तर?"

"माज्या हाताला पाच बोटं हायत."

"त्याला काय, बुवा पाच बोटांचा काढील."

जगन म्हणाला ते खोटं नव्हतं. पाच बोटांचा हात कुणाचाही असू शकतो, आणि तेच तर वाईट होतं.

"नाव मी घेतलं," ती शेवटी म्हणाली. "माज्या तोंडातनं निघालं. दुसऱ्या कोनाच्या नाय."

सोमवारी जगनने शिफ्ट बुडवली.

•

सोमवार. पावणेबारा. देवळापुढे गाव. एका बाजूला रंभा, गाठोडं घेऊन. लुगडी, एक तांब्या, सुया-दोऱ्यांचा डबा. तिने जायची तयारी केली होती. कुणी तिच्याजवळ उभं नव्हतं. सुनीतीबाई येऊन उभ्या राहिल्या, तशी दोघींभोवती जागा आणखी रिकामी झाली.

ती चार पोरं देवळाच्या पायरीवर बसली होती. एकाच्या हातात काठी होती. गुरं वळायला म्हणावं, तर गुरं कुठे नव्हती.

"शकूबाय!" बुवा गरजला. "पयला हात तुझ्या टोपात उठला. शेवटचा बी तूच काढायचा. दाजी, गाठोड्यातलं कापड तुमी निवडा. नंतर कोन म्हनायला नको, बुवानं दिलं."

दाजींनी डोळे मिटून एक घडी काढली. शकूच्या हातात दिली.

शकूचा टोप तयार होता. टोपाशेजारी फडक्याने झाकलेलं घमेलं होतं. तिने टोपाकडे पाहिलं, रंभाकडे पाहिलं. मग खाली पाट मांडला, पाटावर सुनीतीबाईंकडून आणलेलं कालचं वर्तमानपत्र पसरलं आणि घडी त्यावर मोडली.

"ए बाय! घडी बाहेर मोडायची नाय!"

"चुन्या पडल्यात, बुवा," शकू म्हणाली. "चुन्या पडलेलं कापड देवीला कसं द्यायचं?"

तिने कापडावर दुसरा कागद ठेवला आणि घमेल्यावरचं फडकं काढलं. आत सासऱ्याची कोळशाची इस्त्री होती, कोळसे लाल.

"आग नाय!" बुवा धावला. "आग नाय म्हटलंय! देवी भाजंल! गाव भाजंल! धरा तिला!"

पायरीवरची चारही पोरं उठली. काठीवाला पुढे आला. जगन आडवा झाला. तो उंच नव्हता, दांडगाही नव्हता. नुसता उभा राहिला.

"माजी बायको कपड्याला इस्त्री करते हाय," तो म्हणाला. "ह्यात धरन्यासारखं काय हाय रं?"

कुणीतरी हसलं. मोठ्याने नाही. पण त्या हसण्यात काठीवाल्याचा पाय थांबला, आणि तेवढ्या वेळात शकूने इस्त्री टेकवली.

कागदाला ऊब लागली. मेण जळल्यासारखा वास आला, ओळखीचा, लाइट गेल्यावर येणारा. शकूने इस्त्री एकदा फिरवली, दोनदा फिरवली, बाजूला ठेवली. वरचा कागद दोन टोकांना धरून उन्हाकडे उचलला.

वर्तमानपत्रावर तेलकट हात उमटला होता. पंजा, अंगठा, तीन बोटं. ऊन त्यातून आरपार येत होतं. तळहाताच्या जागी कुठल्याशा साबणाची जाहिरात पाठच्या बाजूने दिसत होती.

पुढे बसलेले उठून कागदाकडे सरकले.

"दाजी," शकू म्हणाली, "रंग लावलाय काय मी?"

"नाय."

"पान्यात बुडवलंय?"

"नाय..."

"मंग हात आला कुठनं? कोरडा? बुडवायच्या आधीच?" ती बुवाकडे वळली. "दुसरी घडी द्या. तुमीच निवडा, दाजी. तिसरी बी द्या. बुवा म्हनतात, ज्या घरात करनी त्या घरात हात. ह्या घड्या तर अजून कोनाच्या घरात गेल्याच नायत!"

दाजींनी गाठोडं उपडं केलं. अकरा घड्या. शकूने एकामागून एक इस्त्री फिरवली. दुसऱ्या कागदावर हात. तिसऱ्यावर हात. तोच, तस्साच, अंगठा तिकडेच वाकलेला. पाचव्या घडीला मोहघरची पोरंच मोजायला लागली. सातव्या घडीला कुणाच्या तरी लक्षात आलं की बुवा जागेवर नाही.

बुवा शेतातून पळत होता. वालाच्या वेलांत पाय अडकून एकदा पडला, उठला, पुन्हा पळाला. हिरवं फडकं मागे राहिलं. झोळीही.

झोळीत होतं ते असं: शकूच्या टोपातलं निळं कापड आणि बाकीच्या दोन घरांतली कापडं. मेणबत्त्यांचे तुकडे. एक पत्र्याची वाटी, तळाशी पांढरं मेण थिजलेलं. आणि सागाचा ठसा, मूठ लावलेला, हाताच्या आकाराचा.

सुनीतीबाईंनी ठसा उचलून सगळ्यांना दाखवला. "वितळलेल्या मेणात हा बुडवायचा, कोऱ्या कापडावर दाबायचा. कापड खळीनं कडक, मेण पांढरं, डोळ्याला काही दिसत नाही. जिथे मेण तिथे रंग शिरत नाही. एवढंच. हे शकूनं शोधलं, मी नाही."

"पन बुवाला रंभाचा हात ठावा कसा?" म्हातारा जनू म्हणाला. "तो तर पयल्यांदाच आला गावात."

दाजींनी टोपी काढली.

"मी सांगितलं," ते म्हणाले. "पलीकडच्या वाडीत गाठ पडली तेवा. त्यानं इचारलं, पोराला दवाखान्यात घेऊन गेली ती कोन? मी म्हटलं, चार बोटांची रंभा. एवढंच म्हटलं मी. दुसरं काय बोललो नाय."

"पुरे झालं की तेवढं," सुनीतीबाई म्हणाल्या.

त्यांना आणखी बोलायचं होतं आणि त्या बोलल्या, कारण माणसं ऐकायला तयार असण्याचे दिवस फार येत नाहीत. "बुवा पळाला म्हणून खूश होऊ नका. दुसरा येईल. त्याच्याकडे मेण नसेल, दुसरं काही असेल, आणि ते कसं केलं ते कदाचित मलाही सांगता येणार नाही, शकूलाही नाही. तेव्हा एवढंच करा. तो म्हणेल धुवू नका, तर आधी धुवा. म्हणेल उघडू नका, तर उघडा. म्हणेल हात लावू नका, तर हात लावून बघा. खऱ्या गोष्टीला तपासणीची भीती नसते. आणि कुणा माणसाला गावाबाहेर काढायची वेळ आली, तर जे बघून काढताय ते निदान त्या माणसाला दाखवा. तिनं तीन दिवस तेच मागितलं होतं."

सगळ्यांना तेव्हा रंभाची आठवण झाली.

ती गाठोडं तिथेच ठेवून पुढे आली होती. शकूने मान वर केली नाही.

"वैनी, मी नाव घेतलं तुमचं. पयलं नाव मीच घेतलं."

"ठावं हाय मला. ऐकू आलं," रंभा म्हणाली. त्यात माफी नव्हती, रागही नव्हता. "इस्त्री घमेल्यात ठेव, पाट जळंल. आनि दे बघू तो कागद मला. माझा हात माझ्या नजरंनं बघू दे एकदा."

शकूने पहिला कागद दिला. रंभाने तो देवळाच्या पायरीवर पसरला. पदराखालचा उजवा हात बाहेर काढला, निळ्या, लाल, पिवळ्या रंगांनी नखांपर्यंत माखलेला, आणि त्या तेलकट पंज्याशेजारी टेकवला. ती एकदा कागदाकडे बघे, एकदा हाताकडे. मग गावाकडे बघून हसायला लागली. हसतच राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

माणसं वाकून बघायला लागली. एकेक करून त्यांचे चेहरे पडत गेले. ज्याच्या हातात काठी होती, त्याने ती हळूच देवळाच्या भिंतीला टेकवली.

ठशाच्या हाताला करंगळी नव्हती.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली पोह्यांच्या गिरणीत रंभाचं जे बोट गेलं, ते करंगळीशेजारचं होतं.